तंबूंना बंदी नको, जागा नेमून द्या

कोरोनाची टाळेबंदी सैल झाल्यावर कोल्हापूर जिल्ह्यातल्या मसाई पठारावर आणि राधानगरीच्या धरणकाठावर शनिवार-रविवारी तंबूंची जी गर्दी उसळली, तिला नुसती हुल्लडबाजी म्हणून निकालात काढणे मला पटत नाही. महिनोन्‌महिने घरात कोंडलेल्या आणि हॉटेलात उतरायला धजावत नसलेल्या माणसांना तंबूत आपल्या घरच्यांपुरते, मोकळ्या हवेत राहता येत होते. ती गरज खरी होती. व्यवस्था मात्र कोणीच केली नव्हती.

अमेरिकेतही असेच घडले. २०२० साली तिथल्या राष्ट्रीय उद्यानांना भेट देणाऱ्यांची संख्या घटून सुमारे २३ कोटी ७० लाखांवर आली, पण वनखात्याच्या राष्ट्रीय वनांत, जिथे पुष्कळ ठिकाणी आखलेल्या तळाबाहेरही फुकट तंबू ठोकता येतो, ती आदल्या वर्षापेक्षा वाढली. योसेमिटी आणि रॉकी माउंटन या उद्यानांनी त्याच वर्षी आगाऊ नोंदणी सक्तीची करून गर्दीला आवर घातला.

आपल्याकडे नुकसान कुठे होते, हे मसाईवर वाकून पाहिले की कळते. जांभ्या खडकाच्या या सड्यावर मातीची जेमतेम साय असते आणि तिच्यातच सीतेची आसवे, दवबिंदू, गेंद या रानफुलांचे बी पुढच्या पावसाची वाट पाहत पडलेले असते. तिथे शेकोटी पेटवली की माती आणि बी दोन्ही जळतात आणि मागे काळे वर्तुळ उरते. शौचालय नसल्याने माणसे आडोशाला जातात, आणि पठारावर मुरणारे पाणी खालच्या वाड्यावस्त्यांच्या झऱ्यांना जाते. ज्या गावांनी साथीच्या धास्तीने वेशी बंद केल्या होत्या, त्यांच्या वाट्याला शहराकडून बाटल्या आणि प्लास्टिकच तेवढे आले, याचे मला फार वाईट वाटते.

राधानगरी हे १९५८ सालचे, गव्यांसाठी राखलेले अभयारण्य. तिथे परवानगीवाचून मुक्काम करता येत नाही, म्हणून तंबू हद्दीबाहेर पाण्याच्या काठाला लागतात, आणि संध्याकाळी गवे पाण्यावर उतरण्याच्या वेळीच तिथे दिवे आणि स्पीकर सुरू होतात.

सरसकट बंदी घातली तर लोक रात्री आडवाटेने येतील आणि कोण आले, किती आले याची नोंदही राहणार नाही. त्यापेक्षा कास पठारावर दिवसाला ३,००० पर्यटकांची मर्यादा, ऑनलाइन नोंदणी आणि स्थानिक गावांची समिती असा जो घाट घातला गेला, तो इथे तंबूंसाठी घालता येईल. सड्यापासून दूर, मुरमाड जागेवर मोजक्या तंबूंचे तळ आखावेत, शेकोटीला पूर्ण मनाई असावी, फुलांच्या हंगामात पठारावर मुक्कामच नसावा. शुल्क थेट गावच्या समितीकडे जावे, म्हणजे त्यातून शौचालये उभी राहतील आणि राखणदाराला पगार मिळेल. तळ कुठे असावेत हेही याच गावांच्या ग्रामसभांनी ठरवावे, आणि वनखात्याने त्यासाठी त्यांच्यासोबत बसावे, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.