सहल म्हणे!

संध्याकाळी गावच्या सभेतून परत आले तेव्हापासून डोकं तापलंय. जेवण झालं, भांडी झाली, तरी उतरत नाहीये. लिहून काढते.

आमचं गाव ऱ्हाइन नदीच्या जर्मन काठावर, पलीकडे फ्रान्स. इथल्या युवक मंडळात मी बरीच वर्षं स्वयंसेवक आहे. दर उन्हाळ्यात आमची, एका फ्रेंच मंडळाची आणि एका पोलिश मंडळाची मुलं दहा दिवस एकत्र राहतात, एक विषय घेऊन काम करतात. बराचसा खर्च युरोपियन युनियनच्या ‘इरॅस्मस प्लस’ या देवाणघेवाण योजनेतून निघतो. उरलेल्यासाठी गावापुढे हात पसरायचा. आज त्यावरच चर्चा होती. एक गृहस्थ उठले आणि म्हणाले, “पोरांच्या सहलींना गावानं पैसे का द्यायचे?” दोन-चार जण हसले. राग आला की माझं जर्मन आटतं. मी गप्प बसले, आणि त्याचाच जास्त राग येतोय.

मराठी आटत नाही. तर ऐका.

मागच्या उन्हाळ्यात आम्ही पोलंडमध्ये होतो. आमच्या गटात एक सोळा वर्षांचा मुलगा होता, दोन्ही कानांना श्रवणयंत्र. पहिल्या संध्याकाळी चोवीस मुलं गोल करून बसली. तीन भाषा, वर मोडकंतोडकं इंग्रजी, नुसता कालवा. मी त्याच्याकडेच बघत होते. त्यानं उजव्या कानाचं यंत्र काढलं, मग डाव्या. दोन्ही डबीत ठेवली, डबी खिशात टाकली आणि खिडकीबाहेर बघत बसला. चेहऱ्यावर तक्रार नाही, रुसवा नाही, जणू रोजचंच.

दुसऱ्या दिवशी एका फ्रेंच मुलीनं हस्तकलेच्या खोक्यातून निळ्या लोकरीचा गुंडा आणला. तिलाही आदल्या दिवशीचं काही कळलं नव्हतं. ती म्हणाली, गुंडा ज्याच्या हातात तोच बोलेल, हळू बोलेल, सगळ्यांकडे तोंड करून बोलेल. नियम केला एकासाठी नाही, सगळ्यांसाठी. आणि इंग्रजीच्या धास्तीनं गप्प बसलेल्या पोलिश मुलीसुद्धा बोलू लागल्या! तिसऱ्या दिवशी गुंडा त्या मुलाकडे गेला. डबी खिशातून बाहेर आली. बसस्थानकावर गाडीचा थांबा बदलला की ते फक्त भोंग्यावर सांगतात, त्यामुळे त्याची गाडी कशी चुकते, हे त्यानं सांगितलं. चोवीस जण ऐकत होते.

हे त्याच्या वर्गात का झालं नाही? कारण वर्गात अडखळणारा तो एकटा असतो. परक्या देशात सगळेच अडखळतात, मग सगळ्यांना पेलेल अशी पद्धत शोधावीच लागते. सीमा ओलांडून जायचं ते याच्यासाठी. ही सहल आहे?

हो, काही ठिकाणी नुसती मौजमजा होते. फाडफाड इंग्रजी बोलणारी, शिकल्यासवरल्या घरातलीच मुलं पुढे येतात, हेही मान्य. मग बंद करायचं का? त्या मुलासोबत चर्चा भराभर लिहून दाखवणारी एक ताई आली होती. तिचा खर्च याच योजनेनं दिला. योजना गेली तर पहिला घरी कोण बसेल, सांगा!

आणि गृहस्थहो, तुम्ही या काठावर राहता. 1870, 1914, 1939. सत्तर वर्षांत तीनदा या नदीच्या दोन काठांवरची पोरं एकमेकांवर धाडली गेली. 1963 साली जर्मन चॅन्सेलर आदेनाउअर आणि फ्रेंच राष्ट्राध्यक्ष द गॉल यांनी मैत्रीचा करार केला, आणि त्याच वर्षी दोन्ही सरकारांनी मिळून मुलांच्या देवाणघेवाणीसाठी एक वेगळं कार्यालय उभं केलं. आजवर 90 लाखांहून जास्त तरुण त्यातून गेलेत. नदीपलीकडे स्ट्रासबर्गला 1972 पासून युरोप परिषदेचं (युरोपियन युनियनहून वेगळी, युरोपातल्या देशांची संघटना) युवक केंद्र आहे. त्या परिषदेत युवक संघटनांचे प्रतिनिधी सरकारी प्रतिनिधींच्या बरोबरीनं बसून युवा कार्यक्रम ठरवतात. एवढं सगळं सहलीसाठी?

मी विशीत असताना बाबा आमट्यांच्या सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीला गेले होते. मे महिना, चंद्रपूरचं ऊन, पहाटेपासून कुदळ-फावडं. माझ्या हातात घमेलं देणारी मुलगी कुठल्या जातीची, कुठल्या घरची, ते दहा दिवसांत विचारायचं सुचलंच नाही. हे मराठीत वाचणाऱ्या तुमच्यापैकी निम्मे अशाच शिबिरांतून आलेत. तुम्हाला काय समजावून सांगू?

आता जरा शांत झालेय.

माझा पासपोर्ट भारतीय. इथे मला मत नाही. तिकडे परदेशस्थ मतदार म्हणून नाव नोंदवता येतं, पण बटण दाबायला स्वतः केंद्रावर जावं लागतं, म्हणजे तिथेही नाहीच. 9 जून 2024 ला जर्मनीत सोळा-सतरा वर्षांच्या मुलांनी पहिल्यांदा युरोपीय संसदेसाठी मत दिलं. मंडळातली पोरं मत देऊन बाहेर आली, मला मिठ्या मारल्या. माझ्याशेजारी आमच्याच मंडळातली एक सीरियन मुलगी उभी होती. तिलाही मत नव्हतं. पण पोलंडच्या त्या खोलीत निळा गुंडा तिच्याही हातात आला, आणि ती सगळ्यांत जास्त वेळ बोलली.

पोलंडहून आल्यावर तो मुलगा नगरपालिकेत गेला, स्थानकावर अक्षरं दिसणारी पाटी मागायला. आमच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात 2015 पासून कायदाच आहे, तरुणांशी संबंधित कामांत गावानं त्यांना सहभागी करून घेतलंच पाहिजे. कायदा असतोच हो, पण डबी खिशातून बाहेर काढायला त्याला पोलंडला जावं लागलं. पाटी अजून लागलेली नाही. तो दोनदा आठवण करून आलाय.

निधीचा निर्णय मंगळवारवर ढकललाय. मी त्याला आजचं काहीच कळवलं नव्हतं, कुठून कळलं कोण जाणे. आत्ता, हे लिहिता लिहिता त्याचा मेसेज आला. “मंगळवारी सभेत मी बोलतो. गुंडा घेऊन ये.”