जरा तेल सोडलंय

रविवारी पहाटे साताऱ्यात समर्थ मंदिराच्या उतारावर मी सायकलचे दोन्ही ब्रेक दाबले. सायकलनं किंकाळी फोडली, वेग मात्र तसाच ठेवला. पुढे कुणाच्या तरी बांधकामाची वाळू रस्त्यावर आली होती, तिच्यात जाऊन थांबलो. खरचटलंसुद्धा नाही. पलीकडच्या चहाच्या गाड्यावरून एकानं विचारलं, "एवढी भारीतली सायकल, आन् ब्रेक न्हाईत व्हय?" लागलं ते तेवढंच.

यवतेश्वरचा घाट राहिला बाजूला. सायकल ढकलत घरी आणली, पार्किंगच्या भिंतीला टेकवली आणि मोबाइलच्या उजेडात पाहिलं. पुढच्या चकतीच्या भोकाभोकांतून काळं ऑइल ओघळलं होतं. मागेही तेच. चेनवर तर इतकं, की खाली फरशीवर डाग पडला होता.

ज्यांना ही भानगड ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. माझ्या सायकलला रिमवर घासणारे रबरी ब्रेक नाहीत. चाकाच्या मधोमध १६० मिलिमीटर व्यासाची स्टीलची जाळीदार चकती असते आणि तिला दोन्ही बाजूंनी नखाएवढे दोन पॅड चिमटीत पकडतात. चकती नवी असताना १.८ मिलिमीटर जाड असते, झिजून १.५ वर आली की काढून टाकायची. पॅडवरचा मसाला सच्छिद्र. त्यावर तेल पडलं की ते आत शिरतं, मग पुसा, घासा, पॉलिश पेपर मारा, पॅड लोणच्यातल्या फोडीसारखे मुरलेलेच राहतात. म्हणून सायकलवाली माणसं चकतीला बोटसुद्धा लावत नाहीत. बोटाला जेवढं तेल असतं तेवढंही नको.

तळमजल्यावरचे काका धरणावर नोकरीला होते. निवृत्त झाल्यापासून आमच्या इमारतीत करकरणारी एकही वस्तू शिल्लक राहिलेली नाही. गेट, बिजागऱ्या, पाण्याच्या मोटारीचा व्हॉल्व्ह, लहान मुलांचा झोपाळा, सगळीकडे काकांचं तेल. ते तेल खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत असतं आणि झाकणाला खिळ्यानं भोक पाडलेलं असतं. तेव्हा शोध फार लांब न्यावा लागला नाही.

"काका, माझ्या सायकलला कुणी तेल लावलंय का?"

"मीच," काका म्हणाले आणि शाबासकीसाठी थांबले.

मी काहीच बोलेना, तेव्हा त्यांनीच सुरू केलं. "कोरडं ठणठणीत होतं रे सगळं. चेनला तर पांढरी बुरशी आलेली."

"बुरशी नाही काका, मेण आहे ते."

"सायकलला मेण?" काकांनी माझ्याकडे काळजीनं पाहिलं. "बरं वाटतंय ना तुला?"

आता हे कुणाला सांगायचं? चेनला मेण लावणं हा माझ्या घरातला अख्ख्या दुपारचा कार्यक्रम आहे. चेन काढायची, बाल्कनीत पेट्रोलमध्ये खळखळून धुवायची, वाळवायची. मग अडगळीतल्या पातेल्यात पॅराफिन वितळवून त्यात बुडवायची. (पातेलं अडगळीतलं होतं असं माझं म्हणणं. बायकोचं म्हणणं वेगळं आहे आणि ते अजून संपलेलं नाही.) टांगून गार केली की चेन काठीसारखी ताठ, मग एकेक सांधा वाकवून मोकळा करायचा. खटाटोप एवढ्यासाठी की तेलावर धूळ बसते, धूळ-तेलाचा चिखल सांध्यात जाऊन पिना घासत राहतो, आणि मेण कोरडं असल्यामुळे धूळ धरत नाही. चेन झिजली की नाही हे साध्या फूटपट्टीवर कळतं. पिनेपासून पिनेपर्यंत अर्धा इंच, असे चोवीस टप्पे धरले की बरोबर बारा इंच. ते बारा इंचांच्या पुढे एक सोळांश सरकले की चेन बदलायची, नाहीतर ती मागच्या गिअरचे दाते खाऊन टाकते आणि गिअरची किंमत ऐकून आपण जेवत नाही.

हे सगळं काकांना सांगितलं नाही. मुद्द्याला हात घातला. "चेनचं जाऊ द्या काका. पण ब्रेकला कशाला तेल घातलंत?"

"ब्रेकला? छ्या! ब्रेकला कोण तेल घालतंय? एवढी अक्कल हाय मला."

"ही चकती म्हणजेच ब्रेक."

काका वाकले. चष्मा वर केला, चकती पाहिली, चाक हातानं गरकन फिरवलं. तेलाचे दोन थेंब माझ्या पांढऱ्या मोज्यावर आले.

"ब्रेकला रबर लागतंय," काका म्हणाले. "ह्यात दाखव रबर कुठंय."

"रबर नसतंच ह्यात."

"मग ब्रेक न्हाई."

"अहो, आत पॅड आहेत."

"दिसत न्हाईत की."

"आत आहेत म्हणून दिसत नाहीत!"

"आणि मग ही भोकं कशापायी?"

"गरम होऊ नये, पाणी-घाण निघून जावी म्हणून."

"हां!" काकांचा चेहरा उजळला. "तेच म्हणतोय. पाणी जातंय तिथनं तेलबी जाणार. म्हणून मी जरा जास्तच सोडलं."

यावर कुठल्याही कंपनीच्या माहितीपुस्तकात उत्तर नाही. मी गप्प बसलेला पाहून काका नरमले. हे ऑइल साधंसुधं नाही, शेजारच्या पोराच्या मोटारसायकलच्या सर्व्हिसिंगला निघालेलं, फेकून देत होता ते मागून ठेवलं, अशी माहिती त्यांनी पुरवली. "आख्खं धरण वंगणावर उभं राहतंय बाळा. दरवाजा टायमाला उचलला न्हाई तर खाली गावंच्या गावं जातील. तुझी सायकल काय घेऊन बसलास?"

मी म्हणालो, "थँक यू काका." काय करणार? माझ्या वडिलांच्या आजारपणात हा माणूस रात्री-बेरात्री रिक्षा घेऊन आलेला आहे. अशा माणसाशी भांडता येत नाही हीच तर खरी अडचण. वाईट माणसानं सायकलची वाट लावली असती तर निदान चार शिव्या तरी देता आल्या असत्या.

चकती आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसावी लागते. मेडिकलमध्ये ते मागितल्यावर तिथल्या पोरानं 'कशाला?' असं ज्या सुरात विचारलं, त्या सुरात मला आजवर कुणी काही विचारलेलं नाही. काकांनी करोनातलं उरलेलं सॅनिटायझर देऊ केलं. त्यात हात मऊ राहावेत म्हणून ग्लिसरीन घालतात. म्हणजे आधी तेल, वर ग्लिसरीन. ते मी नम्रपणे परत केलं.

पॅड साताऱ्यात मिळाले नाहीत. पुण्याच्या दुकानदारानं फोनवर पहिला प्रश्न टाकला, रेझिन की मेटल? रेझिन आवाज करत नाहीत, पण कासच्या बाजूच्या पावसात आणि तांबड्या चिखलात बघता बघता झिजतात. मेटल पावसात टिकतात, पण भिजले की बोंबलतात. मी मेटल सांगितले. यावर त्याचं म्हणणं पडलं की तुमच्या चकतीवर 'फक्त रेझिन' असं कोरलेलं असेल तर मेटल चालणार नाहीत, चकत्याही बदलाव्या लागतील. जाऊन पाहिलं. कोरलेलं होतं. रेझिन मागवले. दोन्ही चाकांचे मिळून अडीच हजारांच्या घरात गेले, कुरिअर वेगळं. इतके पैसे घालून हातात जे येतं ते काडेपेटीत मावतं आणि उरलेल्या जागेत काड्याही राहतात.

आता मला राग कशाचा आहे ते सांगतो, कारण तो काकांचा नाही. माझ्या सायकलशेजारी पांढऱ्या पट्ट्यांच्या चौकटीत एक मोटार उभी असते. तिचं बॉनेट उघडून काका कधी खोकल्याची बाटली रिकामी करतील का? तिच्या सावलीला जरी कुणाचा धक्का लागला तरी मालक गॅलरीत येतो. सायकलला मात्र चौकट नाही. ती मीटरच्या पेटीला आणि कुणाच्या तरी बंद पडलेल्या कूलरला चिकटून उभी. येणारा-जाणारा टायर अंगठ्यानं दाबून 'हवा कमी आहे' सांगतो. मुलं पायडल उलटं फिरवतात. पावसाळ्यात हँडलवर छत्र्या वाळतात, एकदा पायपुसणंही वाळत होतं. मी काय घालून सायकल चालवतो हाही सार्वजनिक विषय. सायकलवाल्यांच्या त्या गादी शिवलेल्या चड्डीच्या आत दुसरं काही घालायचं नसतं, शिवण घासून कातडी सोलते, ही गोष्ट पूर्ण इमारतीला माहीत आहे, आणि ती मी कुणालाही सांगितलेली नाही. मोटार ही मालमत्ता असते. सायकल म्हणजे नळकोंडाळं, कुणीही यावं.

म्हणून सोसायटीच्या ग्रुपवर मी जपून लिहिलं, 'कृपया माझ्या सायकलला कोणी हात लावू नये, ही विनंती.' तीन जणांनी हात जोडले. एकानं 'किती गिअर आहेत?' असं विचारलं. चेअरमनांनी लिहिलं, 'पार्किंग फक्त वाहनांसाठी आहे. सायकलींबाबत पुढच्या मीटिंगमध्ये निर्णय घेऊ.'

निर्णयाची वाट न पाहता मी सायकल खांद्यावर घेतली आणि तिसऱ्या मजल्यावर नेली. हॉलमध्ये टीव्हीपुढून ती दीड फूट बाहेर येते. बायकोनं पातेल्याचा विषय पुन्हा काढलाय. जिना चढताना गेटपाशी काका भेटले होते, बिजागरीवर बाटली उपडी करत होते. मला पाहून त्यांनी वाट दिली आणि आवाज खाली घेऊन म्हणाले, "वर नेतोयस ते बेस केलंस. खाली कोण कुणाच्या वस्तूला हात लावेल, नेम न्हाई."