काहीच न बिघडल्याचा पुरावा

सेल्फ रिव्ह्यूचा, म्हणजे वर्षभराच्या आपल्या कामाचा आपणच आढावा घ्यायचा, फॉर्म खुला झाल्याची मेल आली की आमच्या मजल्यावर सुतकी कळा पसरते. एरवी व्हाइटबोर्डापाशी उभं राहून तावातावानं आर्किटेक्चर मांडणारी माणसं गुपचूप जागेवर बसतात आणि वर्षभराचं कॅलेंडर मागे मागे सरकवू लागतात. मार्चमध्ये आपण नक्की काय करत होतो? कॅलेंडर म्हणतं, मीटिंग. एप्रिलमध्ये? त्या मीटिंगचा फॉलोअप. मे महिन्यात एक लांबलचक रंगीत पट्टा दिसतो आणि जिवात जीव येतो. क्लिक करून पाहावं तर ती सुट्टी निघते.

फॉर्मचा पहिलाच प्रश्न असतो, ‘या वर्षात तुम्ही साधलेला इम्पॅक्ट थोडक्यात लिहा.’ थोडक्यात म्हणजे 1500 अक्षरं, मधल्या मोकळ्या जागा धरून. आपल्या तोंडानं आपली स्तुती करू नये, ती दुसऱ्यानं करावी, असं लहानपणी शिकवलेलं असतं. कंपनीला हे मान्य आहे, म्हणून दुसऱ्यांनी करायच्या स्तुतीसाठी वेगळा फॉर्म ठेवलाय. पण आधी आपली आपण करायची.

माझा पहिला मसुदा शेजारच्या सीनियर सहकाऱ्यानं वाचला. रिव्ह्यू लिहिण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही. प्रत्यक्षात तो काय काम करतो हे मला अजून कळलेलं नाही.

“हे ‘आम्ही’ काढून टाक,” तो म्हणाला.

“अरे, पण काम सगळ्यांनी मिळून केलं ना.”

“बोनस सगळ्यांना मिळून हवाय का तुला?”

मी ‘आम्ही’ काढलं. मग त्यानं ‘मदत केली’ खोडून ‘नेतृत्व केलं’ लिहिलं, ‘बग दुरुस्त केला’च्या जागी ‘ग्राहकांचा विश्वास पुनर्स्थापित केला’ आलं, आणि ‘मीटिंगला हजर होतो’ याचं ‘विविध टीम्समध्ये एकवाक्यता घडवून आणली’ झालं. त्या मीटिंगमध्ये मी पूर्ण वेळ म्यूटवर होतो, हे मी त्याला सांगितलं. “म्हणूनच एकवाक्यता झाली,” तो म्हणाला.

माझी खरी अडचण वेगळीच होती. यंदा माझ्या हातून एक काम खरोखरच चांगलं झालं होतं, आणि नेमकं तेच लिहिता येत नव्हतं.

आमच्याकडे एक जुनी सर्व्हिस होती, म्हणजे आपोआप चालणारा एक प्रोग्रॅम. रोज रात्री ती कुठलातरी डेटा एका जागेवरून उचलायची आणि दुसऱ्या जागी नेऊन ठेवायची. कोणासाठी, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. जिनं लिहिली ती बाई केव्हाच कंपनी सोडून गेलेली. कोडमध्ये तिची एकच कॉमेंट उरली होती, ‘तात्पुरतं. नंतर काढणे.’ ही सर्व्हिस अधूनमधून पहाटे तीनला अडकायची, की ऑन-कॉलवर असलेल्याचा, म्हणजे बिघाड निस्तरायची पाळी ज्याची त्याचा, पेजर वाजायचा. मग तो बिचारा उठायचा, लॅपटॉप उघडायचा, सर्व्हिस रिस्टार्ट करायचा आणि झोप उडालेल्या डोळ्यांनी छताकडे बघत पडायचा. सगळ्यांनी हे निसर्गनियमासारखं पत्करलं होतं.

मी तिच्या मागे लागलो. ॲक्सेस लॉग चाळले, कॉन्फिग धुंडाळले, दिसेल त्या मेलिंग लिस्टवर ‘हा डेटा कोणी वापरतं का?’ असं विचारलं. उत्तर एकच आलं, ‘मला या लिस्टवरून काढा.’ त्यावर आणखी काही जणांनी ‘मलाही’ असं सर्वांना कळवलं. शेवटी स्क्रीम टेस्ट केली. आमच्या धंद्यातली ही सर्वमान्य पद्धत आहे. गोष्ट बंद करायची आणि कोण ओरडतं ते ऐकत बसायचं. कुणीच ओरडलं नाही. पेजर गप्प झाला. माणसं रात्रभर झोपू लागली.

आता हे कुठल्या शब्दांत लिहायचं? फॉर्म विचारतो, किती युजर्सना फायदा झाला? शून्य, कारण युजरच नव्हते. किती टक्के वाढ झाली? घट झाली. परिणाम काय? काहीच झालं नाही. घराला आग लागली नाही म्हणून सत्कार कोण करणार! ज्याच्या घराला लागते त्याची मात्र चलती असते. आमच्याच मजल्यावरच्या एकानं ऐन गर्दीच्या दिवशी सिस्टिम पाडली. मग वॉर रूम उघडली गेली, रात्रभर कॉल चालला, आणि पहाटे त्यानं स्वतःच टाकलेला बग स्वतःच शोधून काढला. सकाळी व्हाइस प्रेसिडेंटची मेल आली, त्याचं नाव ठळक अक्षरांत. खाली टाळ्यांच्या इमोजींचा पाऊस. त्याच्या फॉर्मचा पहिला परिच्छेद त्या पहाटेच लिहून झाला असणार.

काढून टाकलेल्या कामाची ही गोची जुनीच आहे. 1982 साली ॲपलमध्ये लिसा कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर चाललं होतं, तेव्हा मॅनेजर मंडळींनी फर्मान काढलं की प्रत्येक इंजिनियरनं दर आठवड्याला किती ओळी कोड लिहिला ते फॉर्मवर भरावं. बिल ॲटकिन्सननं त्याच सुमारास स्क्रीनवर चित्रं काढणाऱ्या क्विकड्रॉ या प्रोग्रॅमचा एक भाग नव्यानं लिहून तो कितीतरी वेगवान केला होता, आणि तसं करताना 2000 ओळी कमी झाल्या होत्या. त्यानं फॉर्मवर लिहिलं, उणे 2000. काही आठवड्यांनी त्याला फॉर्म मागणंच बंद झालं म्हणतात. हे आठवून मलाही स्फुरण चढलं. मीही आकड्याच्या खान्यात उणे चिन्ह टाकलं. खाना लाल झाला आणि खाली उमटलं, ‘कृपया वैध आकडा भरा.’ ॲटकिन्सनच्या नशिबी कागदाचा फॉर्म होता.

पुढचं पान ओकेआरचं, म्हणजे ध्येयं आणि ती कितपत गाठली याच्या मोजमापांचं. इंटेलमध्ये अँडी ग्रोव्ह यांनी ही पद्धत रुजवली आणि 1999 साली गुंतवणूकदार जॉन डोअर यांनी ती गुगलला नेऊन दिली, तेव्हा गुगल अगदीच लहान होतं. तिथून ती सगळीकडे पसरली. ध्येयं मुद्दाम आवाक्याबाहेरची ठेवायची आणि साठ-सत्तर टक्के गाठलं की उत्तम समजायचं, असा तिचा मूळ बेत. कल्पना खरंच चांगली आहे. पण रिव्ह्यूच्या दिवसांत तिचा अर्थ इतकाच उरतो, की शंभर टक्के केलं तर ध्येय लहान होतं आणि चाळीस टक्के केलं तर माणूस.

मग येतो पीअर फीडबॅक. यात सगळ्यांनी सगळ्यांना ‘माझ्याबद्दल दोन शब्द लिहिशील का?’ म्हणून विनवायचं असतं. लोक वर्षभर ज्याच्या मेसेजला उत्तर देत नाहीत, त्यालाही या आठवड्यात ‘कसा आहेस?’ विचारतात. ‘सुधारणेला वाव’ हा रकाना रिकामा ठेवता येत नाही, तेव्हा प्रत्येक जण दुसऱ्याचा असा दोष शोधतो की वाचणाऱ्याला गुणच वाटावा. ‘कधीकधी फारच तपशिलात शिरतो.’ ‘स्वतःच्या तब्येतीकडे दुर्लक्ष करून काम करतो.’ मला आलेल्या फीडबॅकांपैकी एकात माझी मोबाइल ॲपच्या कामाबद्दल भरभरून तारीफ होती. मोबाइल ॲपला मी आयुष्यात हात लावलेला नाही. दुसऱ्या कुणाचातरी मजकूर कॉपी करताना नाव तेवढं बदललं होतं. मी हे मॅनेजरच्या कानावर घातलं.

“राहू दे,” ती म्हणाली. “तुला आलेल्यांत तोच सगळ्यात दमदार आहे.”

माझी मॅनेजर भली बाई आहे. तिला कॅलिब्रेशनला जायचं होतं. म्हणजे सगळे मॅनेजर एका खोलीत बसतात, समोर भली मोठी स्प्रेडशीट असते, आणि ज्यांनी मला कधी पाहिलेलं नाही ते माझ्यावर चर्चा करतात.

“मला एक ओळ दे,” ती म्हणाली. “तुझ्या वाट्याला तिथं तेवढंच येतं.”

“जुनी सर्व्हिस बंद केली. काहीच बिघडलं नाही.”

“दुसरं वाक्य वाचलं ना, की सगळे लॅपटॉपमधून मान वर काढतील. काही बिघडलंच नाही तर यानं केलं काय, असं विचारतील.”

तिनं जरा विचार केला आणि टाइप केलं, ‘प्लॅटफॉर्मच्या विश्वासार्हतेत आमूलाग्र परिवर्तन घडवलं.’

“हे मी केलं?”

“तूच केलंस. तिथं कुणी विचारलं तर नाही म्हणू नकोस म्हणजे झालं.”

जनरल इलेक्ट्रिकमध्ये जॅक वेल्श यांच्या काळात माणसांची सरळ वाटणीच असायची. वरचे वीस टक्के, मधले सत्तर, खालचे दहा, आणि त्या दहांना दार. मायक्रोसॉफ्टमध्येही अशी उतरंड बरीच वर्षं होती, ती 2013च्या नोव्हेंबरमध्ये बंद झाली. ॲडोबीनं त्याच्या आदल्या वर्षी वार्षिक रिव्ह्यूच गुंडाळला. आमच्याकडे अशी सक्तीची वाटणी नाही, असं दर वर्षी बजावून सांगतात. फक्त बजेट ठरलेलं असतं. त्यामुळे एकाला वर सरकवायचं तर दुसरा खाली सरकतो, पण आपल्या मर्जीनं सरकतो असं धरायचं.

निकाल लागला, ‘अपेक्षांची पूर्तता करतो.’ पूर्वी हे वाचून लोक तोंड वाकडं करायचे. 2022च्या नोव्हेंबरमध्ये मेटानं 11,000 लोकांना आणि पुढच्या जानेवारीत गुगलनं सुमारे 12,000 लोकांना कमी केलं, त्यानंतर कुणी करत नाही. उत्तम शेरे मिळालेलेही त्यात होते. काहींना तर लॉगिन चालेना तेव्हा कळलं. आता पूर्तता हा शब्द दिसला की माणूस आधी आपला पासवर्ड चालतोय ना बघतो.

माझा चालला. आत शिरताच नवी मेल दिसली, ‘रिव्ह्यू प्रक्रियेबद्दल मनमोकळं मत द्या. हे सर्वेक्षण पूर्णपणे निनावी आहे.’ मी सोडून दिली. दोन दिवसांनी पुन्हा मेल आली, ‘आपण अद्याप सर्वेक्षण भरलेलं नाही,’ आणि वर माझं पूर्ण नाव. तिसऱ्या मेलच्या पाठोपाठ मॅनेजरच येऊन उभी राहिली.

“भर ना रे बाबा. आपल्या टीममध्ये तू एकटाच राहिलायस. तो टक्का माझ्या रिव्ह्यूत जातो.”

“निनावी आहे ना? मग मीच राहिलोय हे तुला कसं कळलं?”

“भर.”

मी भरलं. सगळीकडे पाचपैकी पाच. ती हसत गेली, आणि मी पुढच्या वर्षासाठी नवं डॉक्युमेंट उघडून पहिली नोंद केली, ‘टीमचा सर्वेक्षण-सहभाग 100 टक्क्यांवर नेण्यात निर्णायक नेतृत्व.’