जेनी लिंडचं चित्र आहे म्हणून प्रत १८४७ची ठरत नाही

नमस्कार. तुमचे आक्षेप तीन. तुमच्याकडच्या गाण्याच्या छापील प्रतीच्या मुखपृष्ठावर स्वीडिश गायिका जेनी लिंड आहे, ती लंडनच्या रंगमंचावर प्रथम मे १८४७मध्ये उभी राहिली, तेव्हा प्रतही त्याच सालची. मी लेखात '१८५८च्या सुमाराची किंवा नंतरची' लिहिलं ते चूक. रंग छापील नसून हाताने भरलेले आहेत. आणि चार शिलिंग ही छापील किंमत मी खरी धरली.

किमतीचं तुमचं म्हणणं मान्य. गाण्यांच्या प्रती बहुधा निम्म्या किमतीला विकल्या जात. लेखात दुरुस्ती केली आहे.

सालाबाबत मात्र ठाम आहे, कारण पुरावा तुम्हीच दिलाय. प्रकाशकाच्या पत्त्यापुढे 'लंडन, डब्ल्यू' (म्हणजे वेस्ट, पश्चिम टपाल विभाग) असं छापल्याचं तुम्ही लिहिता. लंडनचे टपाल विभाग १८५७-५८मध्ये पाडले गेले; त्याआधी पत्त्यात हे अक्षर येणार कुठून? उलट मात्र धरू नका: अक्षर नाही म्हणून प्रत जुनी, असं होत नाही.

मग चित्र जुनं कसं? मुखपृष्ठ शिळाछापाचं, म्हणजे दगडावरून छापलेलं असे, आतली स्वरलिपी कथिल-शिशाच्या पत्र्यावर पोलादी ठसे ठोकून उमटवलेली. दोन्हींची छपाई वेगळी. पत्रे वर्षानुवर्षं जपून ठेवत, लिलावात दुसऱ्या प्रकाशकाला विकत, आणि मागणी आली की पुन्हा छापत. म्हणून गाण्याचं साल, चित्राचं साल आणि हातातल्या प्रतीचं साल ही तीन वेगळी सालं असू शकतात. फेब्रुवारी १८५२मध्ये ओटो गोल्डश्मिटशी लग्न झाल्यावर जेनी लिंड मादाम गोल्डश्मिट झाली. तुमच्या प्रतीवरचं 'मादमोआझेल' (कुमारी) फार तर मथळा कधी रचला ते सांगेल, प्रत कधी छापली ते नाही. मुखपृष्ठांचा चित्रकार जॉन ब्रँडार्ड याच्या सहीचंही तेच: तो १८६३मध्ये वारला म्हणून त्याची सही असलेली प्रत त्याआधीचीच, असं म्हणता येत नाही.

आतल्या पानांच्या तळाशी प्लेट क्रमांक, म्हणजे प्रकाशकाने त्या पत्र्यांना दिलेला क्रमांक असतो. त्याच प्रकाशकाचे जवळचे क्रमांक ब्रिटिश लायब्ररीतल्या प्रतींशी ताडून पाहा. तिथल्या बऱ्याच प्रतींवर ब्रिटिश म्युझियमचा तारखेचा शिक्का असतो. त्यातून गाणं कधीचं ते कळतं. प्रतीच्या सालासाठी पुन्हा पत्ताच बघावा लागतो. बांधणीवाल्याने कडा कापल्या असतील तर हा तळ नेमका उडालेला असतो.

आता रंग. हाताने रंगवलेली मुखपृष्ठंही निघत, तेव्हा नुसत्या फोटोवरून मी 'नाही' म्हणणार नाही. दहापट भिंगाखाली ओठ, फुलं आणि कमरपट्टा बघा. ब्रशचा रंग रेषेबाहेर सांडतो, त्याची कड गडद सुकते. शिळाछापात प्रत्येक रंगाला वेगळा दगड. ओल्या दगडावरून जाताना कागद ताणला की पुढचा रंग केसभर सरकतो, आणि ओठांच्या एका बाजूला पांढरी फट राहते, दुसरीकडे लाल बाहेर येतो. छटा दगडाच्या खरबरीत दाण्याच्या, अनियमित ठिपक्यांच्या दिसतात. रविवर्म्याच्या छापखान्यातल्या जुन्या तसबिरी भिंगाखाली धरल्यात तर असेच ठिपके ओळखू येतील. चेहऱ्यामागची पिवळसर पार्श्वभूमी बहुधा स्वतंत्र दगडाची असते, त्यामुळे तेवढी छापील निघून गालांची लाली हाताची, असंही शक्य आहे.

फक्त ओल्या कापसाने रंग पुसून बघू नका. डिंकातला जलरंग असेल तर उठून येईल.