अक्कल गेलेली गाडी

माझ्याकडे 2009 साली घेतलेली एक फोर-बाय-फोर डिझेल गाडी आहे. नोंदणीची पंधरा वर्षे संपल्यावर रीतसर तपासणी करून घेऊन मी तिला आणखी पाच वर्षांचे आयुष्य मिळवून दिले. ताम्हिणी घाटातल्या चिखलात ती कधी रुतली नाही की ओढ्यात कधी डगमगली नाही. मात्र यंदाच्या जुलैमध्ये, रात्रभराच्या पावसानंतर, सोसायटीच्या सपाट डांबरी आवारात उभ्या उभ्या तिने प्राण सोडला.

स्टार्टर फिरत होता, पण गाडी सुरू होत नव्हती. ज्यांनी जन्मात गाडी बाळगली नाही, त्या शेजारच्या काकांनी तत्काळ बॅटरीचे निदान केले आणि चार जणांना धक्का मारायला बोलावले. जुन्या डिझेल गाड्या धक्क्याने सुरू होत, कारण त्यांचा पंप यांत्रिक असे आणि त्याला कुणाची परवानगी लागत नसे. हल्लीच्या कॉमन रेल डिझेल इंजिनात मात्र डिझेल फवारणाऱ्या कोणत्या इंजेक्टरने केव्हा आणि किती वेळ उघडायचे हे कॉम्प्युटर ठरवतो, आणि तोच गेला असेल तर गाडी कळसूबाईवरून ढकलली तरी सुरू होत नाही. आमची गाडी फाटकापर्यंत गेली आणि नेमकी फाटकातच थांबली.

वायरमन आला, त्याने किल्ली फिरवली आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "साहेब, इंजिनचा पिवळा दिवा लागत नाही." मला आनंदच झाला, कारण तो दिवा गेली तीन वर्षे विझत नव्हता. किल्ली फिरवताच तो लागलाच पाहिजे, हे त्याने मला समजावले, मग स्टिअरिंगखाली स्कॅनर जोडला. पलीकडून उत्तर नाही. फ्यूज, रिले, अर्थिंग सगळे ठीक होते. इंजिनच्या कॉम्प्युटरच्या डब्यात वीज जात होती, पण सेन्सरसाठी बाहेर पडायचे 5 व्होल्ट पडत नव्हते. डबा उघडला, तर आतल्या तांब्याच्या रेघांवर हिरवे शेवाळ साचले होते. इंजिनकडच्या वायरी ज्या भोकातून केबिनमध्ये येतात तिथले रबर तडकले होते, आणि पावसाचे पाणी वायरीचे बोट धरून थेट डब्यात उतरले होते.

नव्या डब्याला सहा आठवडे लागतील आणि 52 हजार रुपये आगाऊ भरावे लागतील, असे सांगण्यात आले. तेव्हा आम्ही कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजाराची वाट धरली. तिथे डबे पुष्कळ होते, पण चिकटपट्टीवरचा क्रमांक जुळेना. लग्नाच्या पत्रिकेत छत्तीसपैकी अठरा गुण जुळले तरी भागते. इथे शेवटच्या अक्षरासकट सगळे जुळावे लागतात. अखेर सहाव्या दुकानात, चेपलेल्या दारांच्या ढिगामागे आमचे स्थळ सापडले आणि 9 हजारांत बोलणी झाली.

डबा बसवला, किल्ली फिरवली, तर किल्लीचे चित्र असलेला दिवा लुकलुकू लागला. किल्लीच्या डोक्यात एक चिप असते आणि कॉम्प्युटर फक्त ओळखीच्या चिपलाच दाद देतो. हा डबा अजून आपल्या पहिल्या मालकाशी एकनिष्ठ होता. (मला तसा त्याचा आदरच वाटला.) यावर उपाय म्हणजे दोन्ही डबे उघडून मृत डब्याची स्मृती जशीच्या तशी जिवंत डब्यात उतरवायची. आपल्या पुराणांत याला परकायाप्रवेश म्हणतात. वायरमनच्या ओळखीचा एक तरुण त्याला क्लोनिंग म्हणतो आणि 6 हजार रुपये घेतो. नशिबाने शेवाळ स्मृतीच्या चिपपर्यंत पोहोचले नव्हते.

चौथ्या दिवशी संध्याकाळी गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. काका टाळ्या वाजवत असतानाच पिवळा दिवाही लागला, आणि या वेळी विझलाच नाही. जुन्या मेंदूतली प्रत्येक गोष्ट नव्यात उतरली होती. त्यात ईजीआर व्हॉल्व्हबद्दलची (म्हणजे थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणाऱ्या झडपेबद्दलची) तीन वर्षांची तक्रारही अर्थातच होती.

राहता राहिले ते तडकलेले रबर. कॉम्प्युटर मिळाला, पण ते रबर पुण्यातही मिळाले नाही आणि कुर्ल्यातही नाही. ते सुटे येतच नाही, पूर्ण वायरिंगबरोबर येते आणि पूर्ण वायरिंगची किंमत डब्याच्या तिप्पट आहे. सध्या त्या भोकात सायकलच्या ट्यूबचा तुकडा आणि धुतलेली दुधाची पिशवी आहे. जोराची सर आली की मी खाली जाऊन बॉनेट उघडून पाहतो, आणि काका माझ्यावर नव्हे, भोकावर छत्री धरून उभे राहतात.