‘वरपासून खालपर्यंत एकच पक्ष’: चार दावे, चार उत्तरं

निवडणुका जवळ आल्या की एक मजकूर हमखास फिरतो: केंद्रात, राज्यात, पालिकेत एकाच पक्षाला निवडून द्या. एकेक दावा घेऊ.

‘कामं झटपट होतात.’ होतात की! ऑगस्ट १९७५ घ्या. पंतप्रधानांच्या निवडीला न्यायालयात आव्हानच देता येऊ नये, अशी ३९वी घटनादुरुस्ती ७ तारखेला लोकसभेत मंजूर झाली, ८ ला राज्यसभेत. ९ ला, शनिवारी, विधानसभा बोलावून राज्यांची मान्यता घेतली. १० ला, चक्क रविवारी, राष्ट्रपतींची सही. एवढी घाई का? ११ तारखेला इंदिरा गांधींच्या निवडणुकीचं अपील सर्वोच्च न्यायालयात सुनावणीला होतं. आणीबाणी होती, विरोधी नेते तुरुंगात होते, हे खरंच. पण दोन्ही सभागृहं आणि बहुतेक विधानसभा एकाच पक्षाच्या मुठीत नसत्या, तर हे चार दिवसांत उरकलं नसतं. त्यातलं मुख्य कलम न्यायालयाने नोव्हेंबरमध्ये रद्द केलं.

‘नाही पटलं तर पाच वर्षांनी घरी बसवू.’ १९७६ मध्ये, ४२व्या दुरुस्तीने, लोकसभेची मुदतच सहा वर्षांची झाली. ती पुन्हा पाचावर आली १९७८ च्या ४४व्या दुरुस्तीने. तेव्हा लोकसभेत जनता पक्षाचं बहुमत होतं, राज्यसभेत काँग्रेसचं. वाटाघाटी कराव्या लागल्या, काही कलमं गळाली. पण आणीबाणी लादणंही त्याच दुरुस्तीने अवघड झालं.

‘आघाडी म्हणजे नुसती ओढाताण.’ रुसवेफुगवे असतात, नाकारत नाही. तरी १९९१ च्या आर्थिक सुधारणा सुरू केल्या त्या अल्पमतातल्या सरकारने, आणि २००५ चा माहिती अधिकार कायदा आला तो आघाडीच्या राजवटीत.

‘वर-खाली एकच पक्ष असला की निधी येतो.’ मला हा दावा सगळ्यांत खटकतो, कारण तो उघडउघड धमकी आहे. केंद्रीय करांतला राज्यांचा वाटा वित्त आयोगाच्या शिफारशीने ठरतो. पंधराव्या आयोगाने तो ४१ टक्के सुचवला. तो हक्काचा पैसा आहे, कुणाची मेहेरबानी नव्हे. बाकीच्या योजनांचा पैसाही करदात्यांचाच. ‘आम्हाला निवडा, मग निधी देऊ’ असं जो म्हणतो, तो दुसऱ्या पक्षाला मत दिलेल्यांचा पैसा अडवून धरू, असंच सांगत असतो. आणि सगळीकडे त्याचाच पक्ष बसला, तर सभागृहात त्याचा हिशेब मागणार कोण? त्याच पक्षाचे सदस्य? व्हिप, म्हणजे मतदानाबाबतचा पक्षादेश, मोडून मत दिलं तर १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याने त्यांची आमदारकी-खासदारकी जाऊ शकते.