मरेफिल्डचा भाव, इंदूरचा वाद

‘तिकडे सगळं कायदेशीर आहे, म्हणून तिकडे कोणी बरबाद होत नाही.’ खेळांवर पैसे लावण्याच्या वादात आमच्या दादानं घरच्या ग्रुपवर हे लिहिलं आणि तेव्हापासून ते माझ्या डोक्यातून जात नाही. दादा इंदूरला, लोकमान्य नगरात. मी एडिंबरामध्ये. त्याचं ‘तिकडे’ म्हणजे माझा रोजचा रस्ता. त्या रस्त्यावर काय चालतं, हे त्यानं मला एकदा तरी विचारायचं. न विचारता माझ्या गावाला साक्षीला उभं केलं आणि साक्षही स्वतःच देऊन टाकली.

वाद ऑगस्टपासून चालू आहे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेनं २०२५ च्या ऑगस्टमध्ये केला. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा वर्षानुवर्षं कोर्टात घोळवलेला भेद त्यात ठेवलाच नाही. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, खेळणाऱ्याला शिक्षा नाही. ड्रीम इलेव्हनचं नाव भारतीय संघाच्या जर्सीवरून उतरलं. दादा म्हणतो, बंदीनं काही थांबत नाही. आयपीएल आली की शहरातल्या कुठल्यातरी फ्लॅटमध्ये लॅपटॉप आणि मोबाइलचा ढीग पकडला जातो, फोटो छापून येतो, पुढच्या वर्षी फ्लॅट बदलतो. त्यापेक्षा इंग्लंडसारखं खुलं करा, कर घ्या. काका बंदीच्या बाजूचे. आणि या दोघांच्या मध्येच माझ्या भाच्यानं, दादाच्या मुलानं, मला वेगळा मेसेज टाकला: ‘आत्या, शनिवारी स्कॉटलंड-न्यूझीलंड रग्बी आहे ना तुमच्याकडे? कोण जिंकेल, आणि किती फरकानं? मित्राकडे आयडी आहे.’ आयडी म्हणजे सट्टा लावायचं खातं.

म्हणजे दादाचा मुद्दा त्याच्याच घरात सिद्ध झाला, बंदीनं थांबलं नाही. पण बंदी फसली म्हणून ‘तिकडचं’ बरं ठरतं, असं नाही.

आधी भाच्याचं घेते. त्याचा हिशेब मूर्खपणाचा नाही. क्रिकेटचा सट्ट्यातला भाव सगळा देश बघत असतो, त्यात फट सापडायची नाही. रग्बी आपल्याकडे कोण बघतं? तेव्हा तिथे माहितीला किंमत, आणि माहिती आत्याकडे, कारण आत्या मरेफिल्डपासून, म्हणजे स्कॉटलंडच्या रग्बीच्या मैदानापासून, चालत अंतरावर राहते. पण भाव इंदूरच्या माणसाला काय ठाऊक नाही यावर ठरत नाही. तो इथल्या, ऑकलंडच्या, सिडनीच्या अशा माणसांच्या पैशावर ठरतो, ज्यांचा सगळा आठवडा या खेळात जातो. संघ जाहीर झाला, कुणाचा गुडघा दुखतोय हे कळलं, शनिवारी वारा किती असेल हे कळलं, की थोड्या वेळात ते भावात जाऊन बसतं. मी खिडकीतून जे बघते त्याची किंमत आधीच कुणीतरी लावून ठेवलेली असते.

मी विमा कंपनीत जोखमीचे हिशेब करते, त्यामुळे हा विषय मला वरवरचा नाही. कोण जिंकेल हे सांगायला जाणकार लागतच नाही. १९०५ पासून स्कॉटलंडनं न्यूझीलंडला एकदाही हरवलेलं नाही. दोन सामने बरोबरीत सुटले, १९६४ चा ०-० आणि १९८३ चा २५-२५, दोन्ही याच मैदानावर. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये स्कॉटलंड २३-१४ पुढे होतं. सामना संपला तेव्हा ३१-२३ न्यूझीलंड. असा इतिहास असताना न्यूझीलंडवर पैसे लावून हाती काय येणार? म्हणून लावणाऱ्याला दुसरा प्रश्न विकतात: फरक किती? समजा न्यूझीलंडला साडेदहा गुणांचा हॅंडिकॅप दिला. अकरानं जिंकले तर तुमचे पैसे आले, दहानं जिंकले तर बुडाले. आता रग्बीचे गुण बघा. ट्राय, म्हणजे चेंडू रेषेपलीकडे जमिनीला टेकवणं, पाचचा, त्यावरची किक दोनची, पेनल्टी तीनची. सामन्याचा निकाल केव्हाच लागलेला असतो आणि शेवटच्या मिनिटाला कुणीतरी कोपऱ्यात ट्राय टेकवतो. मैदानाच्या कडेच्या रेषेजवळून मारलेली ती किक वाऱ्यात आत वळते की बाहेर, याच्याशी दोन्ही संघांना काही देणंघेणं नसतं. तुमचा महिन्याचा पगार मात्र त्या किकवर टांगलेला असतो.

फॉर्म बघून सांग, असंही भाचा म्हणाला. बघू या. सप्टेंबरमध्ये न्यूझीलंडनं ऑकलंडच्या ईडन पार्कवर दक्षिण आफ्रिकेला २४-१७ हरवलं. त्या मैदानावर ते १९९४ नंतर हरलेलेच नाहीत. पुढच्याच शनिवारी, वेलिंग्टनला, त्याच संघाकडून ४३-१० हरले. एवढ्या फरकानं ते याआधी कधीच हरले नव्हते. सात दिवसांत कुठला फॉर्म बदलतो? स्कॉटलंडनं १ नोव्हेंबरला अमेरिकेला ८५-० धुतलं. तो सामना ठरलेल्या आंतरराष्ट्रीय कालावधीच्या बाहेर होता, म्हणून इंग्लंड-फ्रान्सच्या क्लबांतले खेळाडू त्यात नव्हते. त्या ८५ चा न्यूझीलंडच्या सामन्याशी काडीचा संबंध नाही. त्याच दिवशी शिकागोला न्यूझीलंडनं आयर्लंडला २६-१३ हरवलं, पण तिसऱ्याच मिनिटाला आयर्लंडच्या टायग बर्नला कार्ड मिळालं, ते पुढे लाल झालं, आणि वीस मिनिटं आयर्लंड एक माणूस कमी घेऊन खेळलं. नंतर शिस्त समितीनं ते लाल कार्ड रद्द केलं. खेळाडूचं नाव साफ झालं. आयर्लंडवर लावलेला पैसा कुणी परत केला नाही.

२०२३ चा विश्वचषक दक्षिण आफ्रिकेनं कसा जिंकला? फ्रान्सविरुद्ध २९-२८, इंग्लंडविरुद्ध १६-१५, अंतिम सामन्यात न्यूझीलंडविरुद्ध १२-११. तीन सामने, तिन्हींत एकेका गुणाचा फरक. मैदानात जे झालं ते कौशल्यच होतं, आयुष्यभर घाम गाळून कमावलेलं. पण ते त्या तेवीस जणांचं. सोफ्यावर बसून त्यांच्यावर पैसे लावणाऱ्यानं ते स्वतःच्या नावावर कसं करायचं? ‘हा कौशल्याचा खेळ आहे’ असं आपल्याकडचे अॅपवाले वर्षानुवर्षं म्हणत आले, तेव्हा मला याचीच चीड यायची.

शिवाय दुकानदाराचा हिस्सा. इथे हॅंडिकॅपच्या दोन्ही बाजूंना भाव बहुधा दहाला अकरा असतो: अकरा पौंड लावा, जिंकलात तर ते परत आणि वर दहा मिळतील. त्यात निव्वळ बरोबरीत राहायचं तर शंभरात बावन्नहून जास्त वेळा खरं ठरावं लागतं, तेही वर्षानुवर्षं. आणि एखादा खरंच तेवढा हुशार निघाला तर कंपन्या त्याच्या खात्यावर मर्यादा घालतात, काही पौंडांपलीकडे त्याची बाजी घेत नाहीत. हरणाऱ्याला मात्र शुक्रवारी फ्री बेटचा, म्हणजे फुकट बाजीचा, मेसेज येतो. ही ‘तिकडची’ स्वच्छ, कायदेशीर, कर भरणारी व्यवस्था आहे, दादा.

‘कोणी बरबाद होत नाही’ म्हणतोस. इथे बेटिंगची दुकानं १९६१ पासून उघडी आहेत. २००७ पासून टीव्हीवर जाहिराती मोकळ्या झाल्या. दुकानांतल्या मशीनवर दर वीस सेकंदाला शंभर पौंड लावता येत होते. एप्रिल २०१९ मध्ये ती मर्यादा दोन पौंडांवर आणावी लागली. २०२० मध्ये क्रेडिट कार्डावर जुगार बंद करावा लागला. २०२५ मध्ये ऑनलाइन स्लॉट मशीनच्या खेळांवर एका डावाला पाच पौंडांची, आणि पंचवीसच्या आतल्यांसाठी दोन पौंडांची मर्यादा आली. कोणी बुडत नसतं तर शंभराचे दोन कशाला केले असते? गॉर्गी रोडवरून बसनं येताना मला सकाळी दुकान उघडायची वाट बघत उभी राहिलेली माणसं दिसतात. ती श्रीमंत नसतात.

एक गोष्ट मात्र इथली चांगली आहे आणि ती मी सांगणारच. माझ्या शेजारच्या टेबलावरचा एक सहकारी मीटिंग चालू असताना टेबलाखाली फोनवर इन-प्ले, म्हणजे चालू सामन्यावर पैसे, लावायचा. एक दिवस त्यानं साहेबांना जाऊन सांगितलं की मला हे सुटत नाही. गॅमस्टॉपवर, म्हणजे जुगाराच्या साइट्सनी आपल्याला घेऊ नये म्हणून असलेल्या यादीत, नाव घातलं, दोन आठवडे रजा घेतली, परत आला. कुणी त्याच्याकडे वेगळ्या नजरेनं बघितलं नाही. इंदुरात आपल्यातला एखादा मुलगा ऑफिसात असं म्हणेल? वडील सहा महिने ‘सानंद’ या इंदूरच्या मराठी संस्थेच्या नाटकांना जायचं बंद करतील, बायकोच्या माहेरी बैठक बसेल, आणि पैशाचं कुणी बोलणारच नाही. इंग्लंडकडून काही उचलायचंच असेल तर दुकानं उचलू नका, हे उचला.

दादाचं दुसरं हत्यार म्हणजे सर सेठ हुकुमचंद. ‘इंदूर सट्ट्यावरच उभं राहिलं,’ असं तो नेहमी म्हणतो. हुकुमचंद कापसाच्या वायद्यातले राजे होते हे खरंच. पण त्या सौद्याच्या टोकाला कापसाची गाठ होती, शेतकरी होता, गिरणी होती. पुढच्या हंगामाची किंमत आज ठरली तर कुणाचं तरी काम सोपं होतं. कोपऱ्यातली किक आत गेली की बाहेर, याची किंमत आज ठरवून माळव्यातल्या कुणाचं काय सोपं होतं?

आणि हाच दादा १९ ऑक्टोबरला लेकीला घेऊन होळकर स्टेडियमवर गेला होता. इंग्लंडविरुद्ध आपल्या मुली जिंकत आलेला सामना चार धावांनी हरल्या. ओळीनं तिसरा पराभव. दादाचा घसा दोन दिवस बसला होता, लेक गाडीत रडली. त्या रात्री कुणी पैज मारली असती तर याच मुली विश्वचषक घेतील यावर कोण बोललं असतं? २ नोव्हेंबरला त्यांनी तो घेतला. इथे अंधार पडला होता, मी स्वयंपाकघरात फोन उभा करून बघत होते आणि ग्रुपवर एकामागून एक मेसेज पडत होते. त्या शेकडो मेसेजमध्ये भाव कुणीच विचारला नाही. भाच्यानंसुद्धा नाही. खेळ बघायचा कसा हे आमच्या घराला नीट येतं, म्हणून तर राग येतो.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी त्याचा तो आयडीवाला मेसेज आला. खरं सांगायचं तर मला आधी आनंद झाला. इंदूरहून मला आता फारसं काही विचारलं जात नाही. पूर्वी कुठल्या कॉलेजात घालावं, कुठलं औषध चालेल, सराफ्याच्या खाऊगल्लीत गराडू (तळलेला कंद) आले की फोटो, असं काहीबाही यायचं. आता त्यांचं माझ्यावाचून नीट चालतं. आणि इथे ऑफिसात मला रग्बीबद्दल कुणी विचारत नाही. मला विचारतात क्रिकेटबद्दल. पाच दिवस चालूनही निकाल का लागत नाही, तुमच्या मुली जिंकल्या ना, अभिनंदन. मरेफिल्डवर जाणारी मी, मुलांच्या वयाच्या खेळाडूंची नावं पाठ असलेली मी, पण रग्बीचं मत शेजारच्याला विचारतात. इंदूरसाठी मी स्कॉटलंडची जाणकार, एडिंबरासाठी भारताची. दोन्हीकडे मी दुसऱ्या गावची साक्षीदार. दादाचं वाक्य मला एवढं का लागलं, त्याचं कारण यातच आहे. निदान साक्ष तरी मला देऊ द्या.

इंदूरची बाजू मीही इथे घेते. कुणी भारतातल्या रस्त्यांवरच्या कचऱ्याचं काढलं की मी इंदूर आठ वेळा देशातलं सर्वांत स्वच्छ शहर ठरल्याचं सांगते, आणि सांगत राहणार. इंग्लंड-स्कॉटलंड ज्या कलकत्ता कपसाठी दर वर्षी जीव टाकतात तो १८७८ मध्ये कलकत्त्याच्या क्लबनं चांदीचे २७० रुपये वितळवून केला, झाकणावर हत्ती आहे, हेही मी इथल्या लोकांना सांगते. बऱ्याच जणांना ते ठाऊकच नसतं. ते सांगताना मला या खेळावर माझाही थोडा हक्क वाटतो, आणि तो मला हवा आहे.

भाच्याला मी उत्तर पाठवलं: न्यूझीलंड जिंकेल, माझ्या मते बारा गुणांच्या आत, आणि यावर तू एक रुपयाही लावलास तर पुढच्या वेळी मी काही सांगणार नाही. त्यावर त्यानं विचारलं, ‘मग तू कुणाकडून, आत्या?’ मी स्कॉटलंडकडून असं लिहिलं. घरच्या कुणाला हे मी याआधी कधी सांगितलं नव्हतं. मला वाटलं तो काहीतरी बोलेल, तिकडची झालीस वगैरे. त्यानं फक्त वेळ विचारली. इंदूरला रात्री आठ चाळीस.